उशिरा आलेला चिंचोका

गंगव्वा आम्हा मुलींना चिंचोक्यांनी मोजायची. कॉलेजच्या लेडीज रूमच्या दाराशी तिचं गोणपाट अंथरलेलं असे. शेजारी एक पत्र्याचा डबा आणि ओच्यात चिंचोक्यांचा ढीग. मुलगी एकटीदुकटी खोलीबाहेर पडली, की डब्यात टण् करून एक चिंचोका पडायचा. ती परत आली, की तो डब्यातून पुन्हा ओच्यात. संध्याकाळी डबा रिकामा झाल्याशिवाय दाराला कुलूप लागत नसे. एखादा चिंचोका तळाशी राहिलाच, तर गंगव्वा गुडघ्यावर हात टेकून उठायची आणि "कुटं ऱ्हायली गं ही येक?" असं स्वतःशीच विचारत सगळं आवार पालथं घालायची. स्नेहसंमेलनाच्या तालमीतून एका नायिकेला तिनं ऐन हुंदक्यात दंडाला धरून आणलं होतं. दिग्दर्शकाला तो प्रवेश इतका आवडला, की गंगव्वाला नाटकात घ्यायचं त्याच्या मनात आलं होतं.

हे सत्तरच्या दशकातलं सोलापूर. मुलींनी आपण होऊन वर्गात जाऊन बसायचं नाही, अशी रीत होती. सर लेडीज रूमच्या दाराशी येत, मग त्यांच्यामागून आम्ही बावीसजणी रांगेनं वर्गात जायचो, आणि तास संपला की त्यांच्याच मागून बाहेर. पुढे एक धोतर नाहीतर पँट, मागे बदकांची पिलं. नातींना सांगितलं तर त्यांना मी थापा मारते असं वाटतं. या मिरवणुकीला गंगव्वा चिंचोके टाकत नसे. "सरावर माजा लई इस्वास हाय असं न्हाय," ती म्हणायची, "पर येका सराला बावीस जणी भारी हायेत."

मी त्या वर्षी एल. आर. होते. म्हणजे लेडीज रिप्रेझेंटेटिव्ह, विद्यार्थिनींची प्रतिनिधी. बिनविरोध निवडून आले होते, कारण दुसरं कोणी उभंच राहिलं नव्हतं. पण हा बारीकसा तपशील मी कोणाला सांगत नसे. कडक इस्तरीच्या सुती साड्या, अर्ध्या नंबरासाठी दिवसभर चष्मा, आणि बोलण्यात 'वस्तुतः', 'किंबहुना', 'तद्वतच'. आईनं "भाकरी वाढू का?" विचारलं तरी मी "वस्तुतः नको" म्हणायची. कॉलेजच्या लायब्ररीत मी पाऊल टाकत नसे. तिथं माझ्या दर्जाची पुस्तकंच नाहीत, असं मी ऐकेल त्याला सांगायची. अशा या विदुषीला चिंचोक्यांचा अपमान सहन होणार कसा? एके दिवशी मी चष्मा सावरून गंगव्वासमोर उभी राहिले.

"गंगव्वा, आम्ही काय शेळ्या आहोत का मोजायला?"

तिनं मान वर केली. कपाळावर विभूतीचे पट्टे, तोंडात पान, डोळे बारीक केलेले. "शेळ्या असता तर काय पायजे व्हतं, एलारबाय? शेळीला कुणी हात लावला तर वरडती तरी. तुमी शिकल्याल्या. तुमी गप बसता."

मागे मुली खुदकन हसल्या. मी "अज्ञान!" असा एकच शब्द उच्चारून आत गेले आणि खिडकीतून क्षितिजाकडे पाहत बसले. क्षितिजावर कापडगिरणीची चिमणी होती.

गंगव्वा कुंभारी गावची. रोज सकाळच्या एस. टी.नं यायची. घरात कन्नड, आमच्याशी मराठी, आणि राग आला की दोन्ही. पंधरा वर्षं ती कॉलेजात हंगामी शिपाई होती. कॉलेजच्या हिशेबात सोलापुरातला हंगाम असा लांबतो. तिला अक्षर येत नव्हतं. मात्र कुठला कागद कुठल्या टेबलावरून कुठे जातो आणि कुठे जाऊन मरतो, हे तिला हेडक्लार्कपेक्षा जास्त ठाऊक होतं, कारण कागद वाहायचे तीच.

त्या पावसाळ्यात एका दुपारी तिनं मला दाराशी खुणेनं बोलावलं.

"तुला लिवाया येतंय न्हवं?"

मला लिहायला येतं का, असा प्रश्न! मी नुसती हसले.

"मग लिव. त्या लायबरीतल्या मोहोळकरावर लिव. पोरीला बुक द्याया म्हून कपाटाआड बोलिवतो, वाट आडवतो. मी हेडक्लार्काला दोनदा सांगितलं. त्यो म्हनतो, तोंडी तक्रार चालत न्हाय. लेखी आन, आन प्येटीत टाक. मला कुटं लिवाया येतंय? तू पुढारीन हायेस की."

मोहोळकर हे लायब्ररीतले सहायक. केसाला तेल, तोंडात वेलदोडा, आणि मुलगी दिसली की "या ताई, आतलं पुस्तक आतच येऊन घ्यायचं असतं." गंगव्वाच्या तोंडून त्यांचं नाव ऐकताच मी दोन पावलं मागे सरकले. पण ते पावसाच्या झडीमुळे, असं मी स्वतःला समजावलं.

"कोणाला झाला त्रास?" मी विचारलं.

"लक्ष्मीला. मंगळवारी. तिचा चिंचोका लई उशिरा आला."

लक्ष्मी भवानी पेठेतली, तेलुगू विणकरांच्या घरची, माझ्याच वर्गातली. तिच्या घरात मुलगीच काय, मुलगाही कॉलेजात आला नव्हता. तिचे वडील मल्लय्या यंत्रमागावर कामाला. त्यांनी एका अटीवर तिला पाठवलं होतं: कॉलेजातून एक वाईट शब्द घरापर्यंत आला, की शिक्षण बंद आणि लग्न. त्यामुळे लक्ष्मी कुणाशी शब्दच बोलत नसे, चांगला नाही आणि वाईटही नाही.

मी तीन दिवस खपून तक्रार लिहिली. तिचं पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे, आणि ते आठवलं की या वयातही कानशिलं गरम होतात: "वंदनीय प्राचार्य महोदयांच्या चरणी सविनय निवेदन की, ज्ञानगंगेच्या या पवित्र तीरावर काही घटकांकडून क्वचित्प्रसंगी घडणारे अशोभनीय वर्तन स्त्रीशालीनतेच्या शुभ्र वस्त्रास मलिन करीत आहे." अशी दोन पानं. त्यात दोन संस्कृत सुभाषितं होती, एक पणती होती, आणि झंझावात होता. तक्रारपेटीच्या फटीतून ती आत ढकलताना मला वाटलं, आता स्त्रीजातीचा इतिहास बदलणार.

पेटीची किल्ली हरवलेली होती. हेडक्लार्कांनी ती उलथन्यानं उघडली. आत शेंगांची टरफलं, सिनेमाची तिकिटं, चिमणीनं आणलेल्या काड्या आणि माझी ज्ञानगंगा.

इतिहास बदलला. आठवड्याच्या आत नोटीस लागली: विद्यार्थिनींनी आजपासून ग्रंथालयात प्रवेश करू नये, पुस्तक हवे असल्यास चिठ्ठी लिहून शिपायाकडे द्यावी, तसेच पेहराव साधा ठेवावा. प्राचार्यांनी सभेत माझं नाव घेऊन सांगितलं, "तक्रार कशी करावी, हे या मुलीकडून शिका! कुणाचं मन दुखावलं नाही, कुणाकडे बोट नाही, आणि भाषा तर काय!" माझ्या वडिलांना हे बाजारात कळलं. त्यांनी येताना पेढे आणले. मी दोन खाल्ले.

तिसऱ्या दिवशी लक्ष्मी आली नाही. पाचव्या दिवशीही नाही. तिच्या भावाच्या कुठल्याशा मित्रानं नोटीस वाचून घरी सांगितलं होतं, की लायब्ररीत पोरींचं काहीतरी प्रकरण झालंय. वाईट शब्द घरापर्यंत पोचला होता. तो माझ्याच वळणदार अक्षरातून निघाला होता.

गंगव्वानं मला लेडीज रूमच्या कोपऱ्यात बसवलं. "काय लिवलं व्हतंस? वाच."

नक्कल माझ्या वहीत होतीच. अशा कलाकृतीची नक्कल कोण ठेवणार नाही? मी चढउतारांसह वाचून दाखवली. ती डोळे मिटून, मान डोलवत, कीर्तन ऐकावं तशी ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "ग्वाड हाय. लई ग्वाड." मी नम्रपणे मान खाली घातली. "ह्यात त्यो कुटं हाय?"

"कोण?"

"मोहोळकर."

"हे काय, 'काही घटक' म्हटलंय ना."

"आन लक्ष्मी?"

"ती... 'स्त्रीशालीनता'."

"अय्यो शिवने!" गंगव्वानं पानाची पिंक खिडकीबाहेर टाकली. "म्हंजी मारनाराचं नाव न्हाय, आन मार खाणारीचं बी न्हाय. मग सायेबानं काय करावं? दार लावलं त्येनं. तुमच्या तोंडावर."

मी सात्त्विक संतापानं म्हणाले, "गंगव्वा, नाव घेणं सोपं नसतं. मुलीची अब्रू असते. मी विचार करूनच..."

"तुजा बी चिंचोका उशिरा आलता," ती म्हणाली.

मी वही मिटली.

"गेल्या श्रावनात. तवा तू नवीन व्हतीस. बुक आनाया गेलीस आन मोकळ्या हातानं आलीस. तांब्याभर पानी प्यालीस. मी इचारलं, काय झालं गं यव्वा? तू म्हनलीस, 'तुझं काम कर.' आन तवापासनं सगळ्यांस्नी सांगतीस, लायबरीत बुकं चांगली न्हाईत."

तिनं पदराचं टोक पुढे ओढलं आणि त्याची गाठ सोडली. आत चिंचोके होते. सात. लायब्ररीतून उशिरा, उतरलेल्या तोंडानं परत आलेल्या प्रत्येक मुलीचा एक. ते तिनं पुन्हा ओच्यात मिसळले नव्हते.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की माझ्या दोन पानी तक्रारीत इतकी विशेषणं का होती. त्यांच्यामागे मी लपले होते. मोहोळकरांचं नाव लिहिलं असतं, तर तुला कसं ठाऊक, असं कोणीतरी विचारलं असतं. मी रडले. रडतानाही 'वस्तुतः' असं काहीतरी म्हणत होते, असं नंतर गंगव्वानं सगळ्यांना सांगितलं. ते खोटं असावं अशी माझी आशा आहे.

"रडून झालं का?" ती म्हणाली. "चल मग. भवानी पेठंत जायाचं हाय."

मल्लय्यांच्या यंत्रमागाच्या कारखान्यात आवाज असा, की आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येऊ नये. ते मागावर वाकलेले. आम्हाला पाहून त्यांनी माग थांबवला नाही. गंगव्वा ओरडून बोलली, ते ओरडून बोलले.

"नको अम्मा! पोरीचं नाव जातंय!"

"पोरीचं कशाला जातंय? तिनं काय केलं?"

"लोक बोलतात!"

तेवढ्यात ताण्याचा एक धागा तुटला. मल्लय्यांनी खटका मारून माग थांबवला, धाग्याची टोकं शोधली, गाठ मारली. अचानक झालेल्या शांततेत गंगव्वा हळू आवाजात म्हणाली, "येक धागा तुटला म्हून तू समदा ताणा कापून टाकला न्हाईस, मल्लय्या. टोक हुडकलंस, गाठ मारलीस. माग पुन्यांदा चालू करशील. पोरीचंच मातर कापून टाकतोस?"

मल्लय्या बराच वेळ त्या गाठीवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "अम्मा, कागदावर तिचं एकटीचं नाव नको."

"येकटीचं कशाला?" गंगव्वानं माझ्याकडे पाहिलं. "पयलं नाव हिचं हाय."

हे मला तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी लेडीज रूमचं दार लावून आम्ही बसलो. मी, लक्ष्मी आणि आणखी दोघी. सातांतल्या तिघी तोवर लग्न होऊन गेल्या होत्या. गंगव्वा विचारायची, मुलगी सांगायची, मी लिहायची. कोण? कवा? कुटं? काय केलं? तू काय केलंस? मी 'निंद्य' असा शब्द लिहिला, तो तिनं मोठ्यानं वाचायला लावून खोडायला लावला. "तिनं म्हनलं का निंद्य? न्हाय न्हवं? मग तू कशाला म्हनतीस?"

लक्ष्मीचं निवेदन असं झालं: "मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास मी अर्थशास्त्राचं पुस्तक मागायला गेले. मोहोळकर म्हणाले, आत येऊन घे. दोन कपाटांच्या मधे त्यांनी वाट अडवली. माझा हात धरला. मी सोडा म्हटलं. सोडला नाही. मी पुस्तक त्यांच्या पायावर टाकलं आणि पळाले." मराठी वाङ्मयात या उताऱ्याला स्थान नाही. पण माझ्या सगळ्या पणत्या आणि झंझावात यापुढे विझले. माझं स्वतःचं निवेदन पाच ओळींचं होतं. ते लिहायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. खाली चार सह्या, आणि गंगव्वाचा अंगठा.

कागद घेऊन मी सवयीनं पेटीकडे निघाले. गंगव्वानं मागून वेणी ओढली. "तितं चिमनीला द्यायचा हाय का? हापिसात चल. आवक वहीत नंबर पाड, शिक्का मार, पोच घे. पंदरा वर्सं कागद व्हातीया मी. नंबर पडल्याला कागद कुणाला गिळता येत न्हाय."

हेडक्लार्क म्हणाले, "आधी सरांना दाखवू, मग नोंद करू." गंगव्वा टेबलासमोर जमिनीवर बसली. त्या दिवशी फायली हलवायला दुसरं कोणी नव्हतं. अर्ध्या तासात नंबर पडला.

प्राचार्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मग अतिशय दुःखानं मला म्हणाले, "काय ही भाषा! मागचं पत्र किती सुंदर होतं." आणि थोड्या वेळानं, "पुरावा काय? उद्या कोणीही उठून कोणावरही लिहील."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. 'किंबहुना'सुद्धा नाही. गंगव्वा दाराशी उभी होती. ती म्हणाली, "सायेब, आवक वही मागवा. त्या मंगळवारच्या फुडचा दिस बगा."

वही आली. बुधवारी मोहोळकरांचा रजेचा अर्ज नोंदवलेला होता. प्राचार्यांनी तो फायलीतून काढून वाचला: काल दुपारी ग्रंथालयात पायावर जड पुस्तक पडल्याने तीन दिवसांची रजा मिळावी.

"मीच आनला व्हता हेडक्लार्काकडं," गंगव्वा म्हणाली. "त्येनीच मोट्यानं वाचला, आन हसले. आता तुमीच सांगा, कपाटातलं बुक आपसूक पायावर उडी मारतंय व्हय?"

अर्ज पुन्हा फायलीत गेला. अखेर प्राचार्य म्हणाले, "ठीक आहे. त्यांची बदली करू. आपल्या संस्थेच्या कन्याशाळेत जागा आहे."

"तितं तर निसत्या पोरीच हायेत की, सायेब!"

प्राचार्यांना हे सुचलं नव्हतं, असं मला आजही वाटतं. वाईट माणूस नव्हता तो. फक्त त्यांना दार लावणं एवढंच येत होतं.

मोहोळकरांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला. त्यांना शाल आणि नारळ देऊन निरोप देण्यात आला, कारण आपल्याकडे शाल-नारळाशिवाय माणूस हलत नाही. आभार एल. आर.नं मानायचे, असा पायंडा होता. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मोहोळकर गेल्याबद्दल मी सर्वांचे आभार मानते." खाली बसले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत लहान भाषण, आणि टाळ्या सगळ्यांत मोठ्या. मुलींना ग्रंथालयबंदीची नोटीस फळ्यावरून उतरली. लक्ष्मी परत आली आणि अर्थशास्त्रात माझ्यापुढे गेली. हेही मी तेव्हा कोणाला सांगत नसे.

गंगव्वाचीही बदली झाली, सायकल स्टँडवर. वरिष्ठांशी उद्धट वर्तन. मी तिला मेमो वाचून दाखवला, तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "ह्येला नंबर पडलाय का?" पडला होता. "मग बरोबर हाय," ती म्हणाली आणि उन्हात जाऊन बसली. लेडीज रूमच्या दाराशी नवी बाई आली. ती लोकरीचं विणकाम करायची आणि कोण कुठे गेलं, हे तिला कधीच ठाऊक नसे. मी प्राचार्यांकडे एकदा गेले, गंगव्वाला परत आणा म्हणून. बघू म्हणाले. मी लेखी दिलं नाही. पोच घेतली नाही. ज्या बाईनं मला हे शिकवलं, तिच्याच वेळेला मी ते विसरले. वर्षं सरली तरी मला याचं उत्तर देता येत नाही, आणि थट्टेवारीही नेता येत नाही.

शेवटची परीक्षा झाली त्या दिवशी मी सायकल स्टँडवर गेले. गंगव्वा सायकली मोजत होती. "ओंदु, एरडु, मूरु..." मला पाहून तिनं मोजणं थांबवलं नाही. रांग संपवली, मगच पदराची गाठ सोडली.

"ह्यो तुजा. लई दिस माज्याकडं व्हता."

"सातांतला माझा कोणता, कसं कळलं तुला?"

"मला काय ठावं? पर येक तुजा हाय का न्हाय?" तिनं चिंचोका माझ्या हातावर ठेवून बोटं मिटवली. "आता डब्यात टाकू नगो. आलीस तू परत."

मी पुढे मास्तरीण झाले, लक्ष्मी बँकेत गेली. सोलापूर सुटलं. बऱ्याच वर्षांनी लक्ष्मीचं पोस्टकार्ड आलं: "गंगव्वा सोमवारी सकाळी कुंभारीत घरी वारली. झोपेत. सून जवळ होती. मी शनिवारी भेटले होते, ओळखलं. तुझी चौकशी केली. म्हणाली, ती एलार अजून ग्वाड लिवती का?"

मी उत्तर लिहायला बसले. "एका निरक्षर पण..." इथवर लिहून कागद फाडला. दुसरा घेतला, "काळाच्या पडद्याआड..." तोही फाडला. मग कार्डावर तारीख घातली आणि खाली दोन शब्द लिहिले:

"पत्र पोचलं."